‘स स्वार’ नाझींनी बंद पाडले नाही

पॅरिसमधले कम्युनिस्ट सायंदैनिक ‘स स्वार’ (म्हणजे ‘आज संध्याकाळी’) हिटलरच्या फौजांनी शहरात शिरताच बंद पाडले, अशी पोस्ट फिरते आहे. सोबत छायाचित्रकार गेर्डा टारोचा फोटो. ऐकायला बरे वाटते, पण तारखाच जुळत नाहीत.

जर्मन फौजा पॅरिसमध्ये आल्या १४ जून १९४० रोजी. या पत्रावर बंदी आली २५ ऑगस्ट १९३९ ला, म्हणजे महायुद्ध सुरू व्हायच्याही आधी. आणि ती घातली फ्रान्सच्याच दलादिए सरकारने. निमित्त होते दोनच दिवसांपूर्वीचा हिटलर-स्टालिन करार, म्हणजे जर्मनी आणि सोव्हिएत रशियाने एकमेकांवर हल्ला न करण्याचा केलेला करार. संपादक लुई आरागाँ यांनी त्या कराराचे चक्क समर्थन केले होते! नाझीविरोधावर उभ्या राहिलेल्या पत्राची ही पंचाईत पोस्टवाल्यांनी सोयीस्करपणे गाळली आहे.

टारोचा संबंध मात्र खरा. मार्च १९३७ मध्ये निघालेल्या या पत्रासाठी ती स्पेनच्या यादवीत फोटो काढत होती. त्याच जुलैत माद्रिदजवळच्या ब्रुनेते गावाहून माघार घेताना ती गाडीच्या पायरीवर उभी होती. रणगाड्याची धडक बसली आणि ती गेली. वय अवघे २६.

पत्र ऑगस्ट १९४४ मध्ये पुन्हा निघाले आणि १९५३ साली कायमचे थांबले.