महिन्याचे प्रार्थनापत्र

मिशनच्या कामासाठी परदेशात स्वयंसेवक म्हणून जाताना मी तापाची, एकटेपणाची आणि परक्या भाषेची मनोमन तयारी केली होती. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी येणाऱ्या संकटाची मात्र मला कोणी पूर्वसूचना दिली नव्हती. त्या संकटाचे नाव प्रार्थनापत्र. ज्यांच्या देणग्यांवर माझा निर्वाह चालतो, त्या मायदेशातील ख्रिस्ती मंडळीच्या सभासदांना दर महिन्याला पानभर पत्र लिहून, प्रभूने माझ्या हातून काय काय करवून घेतले, हे कळवायचे असते. प्रभूने माझ्या हातून मुख्यतः खुर्च्या मांडून घेतल्या, ही माझी खरी अडचण आहे.

खुर्च्या एकूण 120 आहेत. रविवारच्या उपासनेसाठी त्या ओळीत लावायच्या, मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी, म्हणजे शब्बाथशाळेसाठी, त्यांतल्या काही गोलाकार फिरवायच्या, आणि बुधवारच्या प्रार्थनासभेसाठी चाळीस काढून ठेवायच्या. बुधवारी माणसे बाराच येतात, परंतु पाळकसाहेबांचा विश्वास मोठा असल्याने उरलेल्या अठ्ठावीस खुर्च्याही मीच मांडतो आणि मीच उचलतो. प्रशिक्षणाच्या वर्गात आम्हांला बायबलमधील रोमकरांस पत्राचे सोळाही अध्याय बारकाईने शिकवले होते. प्रोजेक्टरची वायर दर रविवारी नेमकी कोठे जाते, हे त्यांपैकी एकाही अध्यायात नाही.

प्रार्थनापत्र वाचणाऱ्या ज्येष्ठांनी थोर मिशनऱ्यांची चरित्रे वाचलेली असतात, हे आणखी वाईट. अडोनिराम जडसन ब्रह्मदेशात 1824 साली तुरुंगात पडले, तेव्हा त्यांच्या पत्नीने नव्या कराराच्या ब्रह्मी भाषांतराचे हस्तलिखित उशीत शिवून त्यांच्यापर्यंत पोहोचवले होते. मीही एक मौल्यवान वस्तू उशीखाली ठेवून झोपतो. ती सभागृहाची किल्ली आहे. ती एकदा हरवली, तेव्हा ऐन उपासनेच्या सकाळी कुलूप उघडणाऱ्या कारागिराला बोलवावे लागले, आणि त्या महिन्याच्या पत्रात मी ‘परमेश्वराने आमच्यासाठी बंद द्वार उघडले’ असे लिहिले. वाक्यात असत्य काहीच नव्हते, तरी ते लिहिताना माझे कान तापले.

मंडळीतील एक काका मला पंधरवड्याने व्हिडिओ कॉल करतात आणि कुशल विचारण्याआधीच म्हणतात, “बाळ, बाप्तिस्मे किती झाले?” एकदा मी धीर करून म्हणालो, “काका, विल्यम केरी 1793 साली हिंदुस्थानात आले आणि त्यांच्या मिशनमधील पहिल्या स्थानिक माणसाचा, कृष्ण पाल यांचा, बाप्तिस्मा डिसेंबर 1800 मध्ये झाला. मधली काही वर्षे तर केरी निळीच्या कारखान्याची व्यवस्था पाहत होते.” काकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “त्यांना जहाजाने पोहोचायलाच पाच महिने लागले होते. तू एका दिवसात पोहोचलास.” या हिशेबाला माझ्याजवळ अजूनही उत्तर नाही.

सांगण्याजोगे प्रसंग घडत नाहीत असे नाही. ते पत्रात बसत नाहीत. स्थानिक भाषेत मोठ्याने केलेल्या माझ्या पहिल्या प्रार्थनेत मी एक क्रियापद चुकवले. पुढच्या रांगेतील आजींनी डोळे मिटलेले ठेवूनच ते दुरुस्त केले, आणि सर्वांनी त्या दुरुस्तीला मनापासून ‘आमेन’ म्हटले. माझ्या प्रार्थनेच्या शेवटी आलेला आमेन त्या मानाने बराच मिळमिळीत होता. तसेच भिंतीचे. दहा दिवसांच्या सेवेसाठी पाहुण्या तरुणांची तुकडी आली की तिला परत जाण्यापूर्वी काहीतरी पूर्ण केल्याचे समाधान हवे असते, म्हणून आमची मागची भिंत तिच्याकडून रंगवून घेतली जाते. पुढची तुकडी आल्यावर तीच भिंत पुन्हा रंगते. रंगांच्या थरांमुळे ती आता आतल्या बाजूने सरकत चालली आहे असा मला दाट संशय आहे, कारण शेवटच्या ओळीतील खुर्च्या हल्ली तिला घासतात.

गेल्या महिन्यात मात्र मी हात टेकले. बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिताना, त्रोवस नगरात कार्प नावाच्या माणसाजवळ राहिलेला झगा घेऊन ये, असे सरळ कळवले होते; प्रेषिताला झग्याविषयी लिहिता येते, तर मला खुर्च्यांविषयी का येऊ नये, असा विचार करून मी कोणतेही द्वार न उघडता सारे खरे लिहून टाकले. खुर्च्यांची संख्या लिहिली, बुधवारच्या अठ्ठावीस रिकाम्या जागा लिहिल्या, आणि तिसऱ्या ओळीतील एका खुर्चीचा पाय वाकडा असल्याने तिच्यावर कोणालाही बसू देता येत नाही, हेही लिहिले. पत्र पाठवून देणग्या बंद होण्याची वाट पाहत बसलो.

एरवी दोन-तीन जणांचे ‘आमेन’ एवढेच उत्तर येते. या वेळी अकरा उत्तरे आली. एका मावशींनी लिहिले होते, “त्या लंगड्या खुर्चीसाठी आम्ही बायका दर शुक्रवारी प्रार्थना करतो. आता तिला कसे आहे, ते पुढच्या पत्रात अवश्य कळव.” काकांनीही फोनवर प्रथमच बाप्तिस्म्यांऐवजी खुर्चीची चौकशी केली.

उद्या शेवटचा शनिवार आहे. खुर्चीचा दुसरा पायही वाकला आहे, आणि हे त्या बायकांना कोणत्या शब्दांत कळवावे, याचा मी संध्याकाळपासून विचार करतो आहे.