आमचे हे रुळावर आहेत

रेल्वेचं फाटक पडलं की रस्त्यावरचा प्रत्येक माणूस चिडतो. कुणी हॉर्न बडवतो, कुणी स्कूटर तिरकी करून दांड्याखालून घालतो, कुणी सरकारचा उद्धार करतो. आमच्या ह्यांचा चेहरा मात्र खुलतो. गाडी बंद, हेल्मेट आरशाला, मोबाइल बाहेर. मागे मी, मांडीवर मेथीच्या जुड्या आणि वितळत चाललेलं आइस्क्रीम. "मालगाडी दिसतेय," हे म्हणतात, पोराचा बोर्डात नंबर आल्याच्या सुरात. मग वाघिणी मोजणं आलं. मध्येच मी काही बोलले तर आकडा चुकतो आणि तो माझा गुन्हा ठरतो.

माझं सासर पुण्याचं आणि नणंद डोंबिवलीची, म्हणजे घाट काही चुकत नाही. कर्जतला गाडी थांबली की अख्खा डबा वड्याकडे धावतो आणि हे शेपटाकडे. घाट चढायला तिथे मागून बँकर इंजिनं लावतात, ती लोणावळ्याला सुटतात. हे दृश्य ह्यांनी लहानपणापासून पाहिलंय, पण दरवेळी असे निघतात की जणू आज ती जोडायची राहणारच होती. मला कर्जतचा वडा मिळत नाही, कारण पाकीट ह्यांच्या खिशात आणि खिसा शेवटच्या डब्यापाशी.

आणि मग १ जून. महाराष्ट्रात निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनलाच असतो, कारण तो शाळेत मास्तरांनी ठरवलेला असतो. डेक्कन क्वीनचा मात्र खरा आहे, १९३० सालचा. त्या दिवशी पुणे स्टेशनात सव्वासातच्या आत हार, केक, फोटो सगळं उरकावं लागतं. बाई वेळेची पक्की, केकसाठी थांबत नाही. पहिल्यांदा गेले तेव्हा मी सहज विचारलं, "इंजिन तेव्हाचं आहे का?" नाही. "डबे?" तेही नाही, १९६६ला बदलले, १९९५ला बदलले, २०२२मध्ये तर नवे, जर्मन धाटणीचे एलएचबी डबे आले. "मग वाढदिवस नक्की कुणाचा?" आजूबाजूचे चार-पाच जण माझ्याकडे असे वळले, की मी देव्हाऱ्यात चप्पल घालून शिरले असावे. त्यातल्या एका काकांनी खालच्या आवाजात सांगितलं, "डायनिंग कार आहे ना अजून!" तेवढं मला पटलं. चीज टोस्टवर माझी श्रद्धा आहे.

हीच मंडळी रविवारी आमच्याकडे जमतात. मोबाइलवर इंजिनांचे हॉर्न लावायचे आणि शेड, म्हणजे इंजिनाचं घर कुठलं, ते ओळखायचं. "भुसावळ!" "छे, कल्याण!" "अजनीचं असणार, ऑफलिंक आलंय." ऑफलिंक म्हणजे नेहमीची गाडी सोडून भलत्याच गाडीला लागलेलं इंजिन. शेजारच्या आजींना दोन रविवार वाटलं, की कुणी आजारी आहे आणि ॲम्ब्युलन्स बोलावतायत. चहाचे कप मी फिरवते. बिस्किटं कमी पडली हे त्यांच्यातल्या कुणालाही कळत नाही, हा एक फायदा.

खरा पेच माझ्या माहेराचा. मी बार्शीची. लग्न ठरताना मला वाटलं होतं, मुलगा माझ्याकडे बघून हो म्हणाला. नंतर कळलं, त्यात बार्शी लाइट या आमच्याकडच्या छोट्या रेल्वेचा वाटा मोठा होता. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रजाने कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फूट अंतराचे अरुंद रूळ टाकले. त्याची युक्ती अशी, की इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. म्हणजे हलके, स्वस्त रूळ चालतात. पुढे ती गाडी पंढरपूर, लातूर, मिरज करत गेली. आज तिथे ब्रॉडगेज आहे. ह्यांना त्यातलं सगळं पाठ. माझ्या मावशीचं नाव मात्र अजून चुकतं.

एका रविवारी दादा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे आले होते. बार्शी लाइटमधून प्रत्यक्ष प्रवास केलेला जिवंत माणूस! मंडळींनी त्यांना मधल्या खुर्चीवर बसवलं, शाल घातली, मोबाइल रेकॉर्डिंगला लावला. "दादा, आठवणी सांगा."

"कसल्या आठवणी? इंजिनातली कोळशाची कणी डोळ्यात जायची. पांढरी टोपी घालून बसलो की काळी घालून उतरायचो."

कुणीतरी "वा!" म्हटलं. दादांनी त्याच्याकडे संशयाने पाहिलं.

ह्यांनी बाजू सावरायला कॅलथ्रॉपचं कौतुक काढलं. त्याला अरबी घोड्यांचा नाद होता, आणि पुढे त्याने विमानातून उडी मारायचं पॅराशूट बनवलं, ही गोष्ट खरी आहे.

"मग ते आधी बनवायचं की," दादा म्हणाले. "तिकिटाबरोबर दिलं असतं तर आम्ही शेंद्रीलाच उड्या टाकल्या असत्या."

खोलीत शांतता. दादांना आणखी जोर चढला. "आम्हाला खरं सुख दिलं ते एसटीनं. तीपण १ जूनचीच, १९४८ची, नगर-पुणे. तिच्यासाठी कापता का कधी केक?"

ह्यांचा चेहरा पडला. मी मनातल्या मनात दादांना साष्टांग घातला. आता ही बैठक मोडणार, रविवार मोकळा होणार, कदाचित सिनेमाही.

तेवढ्यात कोपऱ्यातला एक मिसरूड फुटलेला पोरगा वही उघडून पुढे सरकला. "दादा, एसटी कुठली होती? मेक आठवतंय?"

दादांनी शाल नीट केली, खुर्ची पुढे ओढली. "लेलँड. बार्शी डेपो. तिचा हॉर्न कसा वाजायचा, करून दाखवू?"