न उघडलेलं लिबरऑफिस रॅम खात नाही

इंदूरच्या आमच्या मराठी ग्रुपवर गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय : "लिनक्सही आता विंडोजसारखं कचरा भरून येतं. लिबरऑफिस, थंडरबर्ड, गेम्स, जगभरच्या लिप्यांचे फॉन्ट रॅम खातात. खालची यादी उडवा, जुना लॅपटॉप पळायला लागेल." (लिनक्स म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत प्रणाली, लिबरऑफिस म्हणजे तिच्यातला वर्ड-एक्सेलसारखा संच, थंडरबर्ड म्हणजे मेलचा प्रोग्राम.)

आधी रॅमचं बघू. न उघडलेला प्रोग्राम डिस्कवर पडून असतो. उघडल्यावरच तो रॅममध्ये येतो, तोही लागेल तेवढाच. लिबरऑफिस काढलंत तर डिस्कवर काहीशे एमबी मोकळे होतील, वेग तोच राहील. रामबागेतल्या एका काकांचा चार जीबी रॅमचा लॅपटॉप असाच 'साफ' करून माझ्याकडे आला. कोण किती रॅम खातंय ते दाखवणारा सिस्टिम मॉनिटर उघडला, तर वरच्या सगळ्या ओळी ब्राउझरच्या, टॅब तेवीस. आत जुनी फिरती हार्ड डिस्क. तिच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क टाकल्यापासून काकांनी कचऱ्याचं नाव काढलेलं नाही.

विंडोजसारखं? नव्या लॅपटॉपवर ट्रायलचा अँटिव्हायरस येतो, कारण त्याचे पैसे लॅपटॉपवाल्याला मिळतात. लिबरऑफिस महिन्याभराने पैसे मागत नाही. उबुंटू या लिनक्सच्या लोकप्रिय रूपाने 2012 मध्ये संगणकावरच्या शोधात ॲमेझॉनचे निकाल घुसवले होते, तो मात्र निव्वळ लोचटपणा. 16.04 या आवृत्तीत ते मुळातूनच बंद ठेवलं. आणि 18.04 पासून मिनिमलचा, म्हणजे मोजकेच प्रोग्राम टाकण्याचा पर्याय आहे, 23.10 पासून तर तेच आपोआप निवडलेलं असतं.

तक्रार करायचीच तर स्नॅपची, म्हणजे उबुंटूच्या प्रोग्राम पॅक करून देण्याच्या पद्धतीची करा. 22.04 मध्ये फायरफॉक्स ब्राउझर फक्त स्नॅप म्हणून आला आणि पहिल्यांदा उघडताना चांगलाच रेंगाळायचा. शिवाय अपडेटनंतर जुनी आवृत्तीही डिस्कवर राहते. याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

फॉन्टांचं मात्र मला सोडवत नाही. ही यादी मुळात कुणा इंग्रजीवाल्याची असणार. त्याला देवनागरी जादाच. आमच्या शेजारच्या काकूंनी यादीतल्या फॉन्टच्या ओळी टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत चिकटवल्या, 'वाय' (हो) दाबलं. दुसऱ्या दिवशी भाचीच्या केळवणाचा निमंत्रणाचा मेल उघडला, तर नुसते चौकोन. "अरे, हे काय झालं रे? तारीख तेवढी दिसतेय!" तारीख इंग्रजी आकड्यांत होती. अशा चौकोनांना टोफू म्हणतात. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो टोफू'वरूनच पडलं. यादीत तो नोटोही होता आणि लोहित हा भारतीय लिप्यांचा फॉन्टही. दोन्ही परत टाकले, पाच मिनिटांचं काम.

मेसेज पुढे पाठवायचाच असेल, तर निदान नोटो-लोहितच्या त्या दोन ओळी खोडून पाठवा.