जबड्याला खरचटलंय, काळजी नसावी

नमस्कार,

अमेरिकेच्या यादवी युद्धात विरुद्ध बाजूंनी लढलेल्या जेम्स आणि अलेक्झांडर या कॅम्पबेल भावांच्या पत्रांवर मी लिहिलेल्या लेखाबद्दल तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. सैनिकाचं पत्र घरच्यांना धीर देण्यासाठी असतं, त्यातून युद्ध कळत नाही, हा पहिला. भाऊ भावासमोर उभा ठाकल्याची हळहळ करताना मी गुलामगिरीचं नावही घेतलं नाही, हा दुसरा. दुसरा मला पूर्ण मान्य आहे, पहिला अजिबात नाही.

डिसेंबर १८६२ मध्ये व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत उत्तरेच्या फौजेतला जॉर्ज व्हिटमन जखमी झाला. त्याने आईला कळवलं, सुखरूप आहे, पायाशी गोळा फुटला आणि जबड्याला जरासं खरचटलं. इकडे वर्तमानपत्रातल्या जखमींच्या यादीत त्याचं नाव चुकीचं का होईना, छापून आलं होतं. ते बघून थोरला भाऊ वॉल्ट, म्हणजे अमेरिकन कवी व्हिटमन, त्याला शोधत व्हर्जिनियात पोहोचला. वॉल्टने घरी लिहिलं की गालाच्या जखमेतून काडी घातली तर थेट तोंडात जाईल. जखम तीच, घरही तेच. जॉर्जने लपवलं, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण 'खरचटलं' या शब्दात आईला तो किती ओळखून होता ते दिसतं, आणि ते लढाईच्या कुठल्याही अहवालात सापडणार नाही. त्या युद्धात माणूस पडला तर घरी कळवायची सरकारी सोय धड नव्हती. यादी, नाहीतर एखाद्या सोबत्याचं पत्र, एवढाच आधार. पाकिटावर मुलाचं अक्षर दिसलं की आईला निम्मी बातमी तिथेच कळत असणार.

आणि सगळेच लपवत होते असंही नाही. १६ जून १८६२ ला साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टनजवळ सेसेशनव्हिलच्या लढाईत जेम्स कॅम्पबेल फुटून निघालेल्या दक्षिणेच्या फौजेत, तटाच्या आत होता आणि त्याच्या भावाची, अलेक्झांडरची, उत्तरेच्या फौजेतली न्यूयॉर्कची पलटण त्याच तटावर चालून आली होती. भाऊ समोर होता हे जेम्सला नंतर कैद्यांकडून कळलं. त्याने पत्र लिहिलं ते शत्रूच्या फौजेतल्या त्या भावालाच: तुम्हाला हरवण्यासाठी मी जिवाचं रान करत होतो, पुन्हा गाठ पडू नये, पण पडलीच तर तू तुझं कर्तव्य कर, मी माझ्या देशासाठी आणि माझ्या कार्यासाठी माझं करीन.

चूक मी इथेच केली. 'माझं कार्य' हे शब्द मी गहिवरून उतरवले आणि कार्य कोणतं, हे विचारलंच नाही. साउथ कॅरोलायनाने डिसेंबर १८६० मध्ये अमेरिकेच्या संघराज्यातून फुटून निघताना आपली कारणं लिहून काढली होती आणि त्यात गुलामगिरी उघडउघड आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली, ते गुलामगिरी मोडणाऱ्या बाजूचे होते, हे मराठी वाचकाला मी सांगायला हवं होतं. शिवाय त्या राज्यात गुलामांना लिहा-वाचायला शिकवणं हा १८३४ पासून गुन्हा होता. ज्यांचे भाऊ बाजारात विकले गेले, त्यांची पत्रं आपल्याला क्वचितच मिळतात ती त्यामुळे. मी मात्र मिळालेल्या पत्रांनाच सगळं युद्ध समजून बसले.

म्हणून त्या लेखात आता आणखी दोन भाऊ येतील. गुलामीतून निसटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचे मुलगे, लुईस आणि चार्ल्स. दोघेही उत्तरेच्या फौजेत, मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या कृष्णवर्णीय पलटणीत भरती झाले. चार्ल्स आजारी पडून मागे राहिला. लुईस १८ जुलै १८६३ ला चार्ल्स्टनच्याच परिसरात, दक्षिणेच्या ताब्यातल्या वॅग्नर किल्ल्यावरच्या हल्ल्यात होता. दोन दिवसांनी त्याने वाग्दत्त वधू अमेलियाला लिहिलं: गोळा फुटला की वीस फुटांची जागा मोकळी व्हायची, आमची माणसं पुन्हा जवळ येऊन पुढे सरकायची. मेलो तर चांगल्या कामासाठी मेलो असं समज. तिला धीर देताना त्याने यातलं काही लपवलेलं नाही.

त्याच महिन्यात वॅग्नर किल्ल्यावरच्या लढाईत जेम्स कॅम्पबेल पकडला गेला.