मोठं चेंबर घासून छोटं होत नाही

एक सल्ला सध्या फार फिरतोय, .३०-०६ या लांब काडतुसाची रायफल .३०८ या आखूड काडतुसासाठी बदलून घेण्याचा. मजकूर साधारण असा: "जुनी .३०-०६ रायफल पडून आहे? कुठल्याही गनस्मिथकडे न्या, तासाभरात रीमर फिरवून तो ती .३०८ करून देईल. नळी तीच, गोळी तीच. काडतूस छोटं म्हणजे दाब कमी, धक्का निम्मा. फार तर आत एक स्लीव्ह बसवावी लागेल." यातलं "गोळी तीच" एवढं खरं आहे. दोन्हींची गोळी .३०८ इंच व्यासाचीच. बाकीचं एकेक बघू.

"रीमर फिरवून". रीमर हे कापणारं हत्यार आहे. लेथवर नळी फिरते, रीमर तेलात बुडवून हळूहळू आत सरकवायचा, दर थोड्या वेळाने बाहेर काढून त्याच्या खाचांत अडकलेला पोलादाचा कीस पुसायचा, पुन्हा आत. दर फेरीला चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती पोकळी, किंचित मोठंच होतं. .३०-०६ च्या केसची (काडतुसाच्या पितळी कवचाची) लांबी ६३.३ मिमी, .३०८ ची ५१.२ मिमी. म्हणजे .३०८ चा खांदा (केस निमुळती होते तो भाग) आणि मान (गोळी धरणारा अरुंद भाग) जिथे टेकायला हवी, तिथलं पोलाद कारखान्यातच कापून गेलेलं आहे. तिथे .३०८ चा रीमर घातला तर मानेच्या जागी तो हवेत फिरतो. सैल सदरा उसवून आत घेता येतो, त्याच चालीवर लोक रायफलकडे बघतात, पण इथे आत घ्यायला कापडच उरलेलं नसतं.

उलट दिशेने, म्हणजे छोट्या चेंबरचं मोठं करायचं, मात्र हे काम रोज होतं. .२२ हॉर्नेटची के-हॉर्नेट, .३०० एच अँड एच ची .३०० वेदरबी अशी रूपांतरं केवळ रीमरवर होतात, कारण नवं चेंबर जुन्याला पूर्ण गिळतं. अशी एखादी रायफल कुणीतरी पाहिली आणि नियम उलटा करून सांगितला, असा माझा अंदाज आहे.

मग छोटं चेंबर करताच येत नाही का? येतं, पण त्यासाठी नळी मागून कापावी लागते. निदान १२ मिमीहून थोडं जास्त, म्हणजे जुन्या चेंबरचा उरलेला भाग नव्यात पूर्ण मावतो. हे ऐकायला सोपं वाटतं. पण माउझर ९८ या जुन्या जर्मन रायफलीच्या धाटणीच्या नळीचे आटे जेमतेम १६ मिमी लांब असतात, त्यातले बारा कापले तर हातात काय राहिलं? आटे पुढे सरकवून नव्याने पाडायचे, टेकणारी कड नव्याने काढायची, मग चेंबर कापायचं आणि हेडस्पेस, म्हणजे बोल्ट (काडतूस मागून अडवणारा भाग) आणि चेंबरमध्ये काडतूस टेकतं ती जागा यांतलं अंतर, जुळवायची. गो गेजवर (किमान मापाच्या नमुन्यावर) बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गो गेजवर (त्याहून लांब नमुन्यावर) अडला पाहिजे, आणि या दोन गेजांत फरक इंचाच्या काही हजारांश भागांचा. एवढं करून नळी १२ मिमी मागे आलेली असते, म्हणून मागची साइट सरकते आणि पायऱ्यापायऱ्यांची नळी असेल तर लाकडातल्या खोबणीशीही तिचं जमत नाही. हे तासाभराचं काम नव्हे. बहुतेक गनस्मिथ म्हणतील की नवी नळीच बसवू, आणि ते बरोबर म्हणतील.

मॅगझिन उरलंच. .३०-०६ चं भरलेलं काडतूस जवळपास ८५ मिमी, .३०८ चं ७१. लांब मॅगझिनमध्ये छोटी काडतुसं दर धक्क्याला पुढेमागे आपटतात. त्यासाठी आत ठोकळा घालावा लागतो.

"काडतूस छोटं म्हणजे दाब कमी." इथे तर गाडी पार उलटी आहे. अमेरिकी प्रमाणानुसार .३०-०६ ची कमाल मर्यादा ६०,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), .३०८ ची ६२,०००. विंचेस्टरने १९५२ मध्ये .३०८ बाजारात आणली तीच मुळी आखूड केसमध्ये जवळपास .३०-०६ इतका जोर मिळावा म्हणून. "धक्का निम्मा" हे त्यामुळे आपोआपच पडतं. १५० ग्रेनच्या गोळीचा नेहमीचा कारखानी वेग .३०-०६ मध्ये सेकंदाला सुमारे २९१० फूट, .३०८ मध्ये २८२०. गोळी तीच, रायफलचं वजन तेच, वेगात तीन टक्क्यांचा फरक. धक्का थोडा कमी होईल, निम्मा कुठून होणार? खांदा दुखत असेल तर हलक्या भाराची काडतुसं घ्या, चांगला रबरी पॅड लावा. त्यासाठी नळी कापायची गरज नाही.

आता स्लीव्ह, म्हणजे मोठं चेंबर आतून छोटं करणारं पोलादी अस्तर. सल्ल्यातला हा भाग सगळ्यात फसवा, कारण तो खरोखर करून पाहिलेला आहे. अमेरिकेच्या नौदलाने १९६० च्या दशकात .३०-०६ च्या एम-१ गॅरंड रायफली ७.६२ नाटोवर (.३०८ च्या लष्करी रूपावर) आणायला चेंबरमध्ये पोलादी बुश, म्हणजे अशाच स्लीव्ह, बसवले. .३०-०६ ची क्लिप चुकून भरली जाऊ नये म्हणून रायफलीत ठोकळाही घातला. तरी काही बुश झाडल्यावर सैल होऊन रिकाम्या केसबरोबर बाहेर यायचे. शेवटी नौदल ७.६२ च्या नव्या नळ्यांवर गेलं. बुश निघाला की पुढचं छोटं काडतूस जुन्याच मोठ्या चेंबरमध्ये जातं, आणि नेमबाजाला ते कळेलच असं नाही.

तसं काडतूस झाडलं की काय होतं ते केसकडे पाहून कळतं. खांदा नाहीसा, मान फुगून अंगाएवढी, जवळजवळ सरळ नळकांडं, आणि तोंडाशी बहुधा चीर. पितळ फाटलं की तापलेला वायू बोल्टच्या दिशेने मागे येऊ शकतो, म्हणजे तुमच्या डोळ्यांकडे. "न बदलताही चालतं, मी झाडलंय" म्हणणारे भेटतात. त्यांच्याकडे ती केस मागा.

कुणी आधीच असं काम केलेली रायफल विकत असेल, तर एकही काडतूस न झाडता चेंबरचा साचा काढून घ्या. सेरोसेफ नावाचा मिश्रधातू उकळत्या पाण्यापेक्षा कमी तापमानाला वितळतो. तो चेंबरमध्ये ओतला की छोट्या मेणबत्तीसारखा साचा निघतो, आणि स्लीव्हचा जोड असेल तर त्यावर बारीक कंगोरा स्पष्ट दिसतो. नळीवरचा शिक्काही बघा. आत .३०८ आणि वर अजून .३०-०६ कोरलेलं असेल, तर ज्याने साधा शिक्का बदलला नाही त्याने हेडस्पेस मोजली असेल यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. जिथे परवान्यावर कॅलिबर नोंदवतात, तिथे कागदाचाही घोळ होतो, तो वेगळाच.