टिकटिक होते का, एवढं तरी विचारा!

अकरा दिवस. अकरा दिवस मी पहाटे साडेपाचला शेगडीवर पातेलं चढवतेय, कारण भिंतीवर टांगलेला गॅस गीझर पेटायचं नाव घेत नव्हता. जानेवारी आहे. पुण्याची नणंद फोनवर म्हणते, "मुंबईत कुठली गं थंडी?" ये ना बाई, सकाळी सहाला मुलुंडला ये आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी डोक्यावर घेऊन दाखव. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई वर ऐकवतात, "आमच्या बंबाला कधी सेल लागले नाहीत." खरंय, आई. काय बोलणार.

पहिल्या दिवशी सेल बदलले. जुने काढले तर स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखी भुकटी. पॉलिश पेपरने घासली, दोन नवे मोठे सेल घातले, नळ सोडला. ढिम्म. शेगडी मात्र झकास पेटत होती, म्हणजे पाइप गॅस येत होता.

मग कंपनीला फोन. मॉडेल नंबर सांगा, बिलाची तारीख सांगा, पिनकोड सांगा. होतंय काय, ते कोणी विचारेना. तिसऱ्या दिवशी मेकॅनिक उगवला, दुपारी एक वाजता. दारातच, "साहेब आहेत का घरी?" साहेब ऑफिसात आहेत रे, गीझर मी वापरते. नळ सोडला आणि भप्पकन पेटला की मेला! "मॅडम, चालू तर आहे." व्हिजिट चार्ज ३५० रुपये. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा ढिम्म.

परत तक्रार. परत तोच माणूस, परत दुपारीच. मी म्हटलं, दादा, सकाळी येऊन बघा ना. तर म्हणे आमची ड्युटी दहाला सुरू होते. न विचारता कव्हर उघडलं, "बोर्ड वीक झालाय," म्हणाला आणि नवा बसवला. १,८०० रुपये. गीझर पेटला. दुपारी तो पेटणारच होता! पण तोवर "ओटीपी सांगा, कम्प्लेंट क्लोज करायचीय" सुरू झालेलं. जुना बोर्ड पिशवीत टाकायला निघाला होता, तो मी ठेवून घेतला. म्हटलं, पैसे मी दिलेत, वस्तू माझी.

पुढची सकाळ तुम्ही ओळखली असेलच.

फोन केला तर म्हणतो, "काडी लावून बघा ना मॅडम." अरे, काडी? माझ्या सासऱ्यांच्या जुन्या गीझरला पायलट होता. छोटी निळी ज्योत सतत जळत असायची. ती विझली की बटण दाबून धरायचं, काडी लावायची आणि थर्मोकपल (ज्योतीची ऊब ओळखणारी दांडी) तापेपर्यंत अर्धा मिनिट बोट काढायचं नाही. त्याला काडी चालायची, तो त्यासाठीच बनवलेला होता. आताच्या गीझरला पायलटच नाही, तर काडी लावू कुठे? आणि पाइपातला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका. गळत असला तर वरच साचणार, नेमका गीझरच्या उंचीला. तिथे काडी ओढायला सांगतोय हा माणूस, तेही फोनवरून.

शेवटी मीच बसले. साधी गोष्ट आहे हो. नळ सोडला की पाण्याच्या दाबाने आतला रबरी पडदा सरकतो, तो पिन ढकलतो, पिन स्विच दाबते, मग बोर्ड जागा होतो, टिकटिक करत ठिणगी पडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. टिकटिक होऊनही ज्योत नसेल तर गॅस बघा, ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड बघा, पाइपात हवा अडकलीय का बघा, सेल अर्धमेले आहेत का बघा. पण माझ्याकडे टिकटिकच नव्हती! सेल तर नवे, बोर्डही नवा. म्हणजे पाणीच पुरेसा जोर लावत नव्हतं.

आणि आम्ही राहतो सगळ्यात वरच्या मजल्यावर. टाकी डोक्यावर, म्हणून लोकांना वाटतं की प्रेशर जोरात असेल. उलट! जितके खाली तितका दाब जास्त, तळमजल्यावाल्यांची चैन. सकाळी सगळी बिल्डिंग आंघोळीला, टाकी उतरलेली. दुपारी टाकी भरलेली, नळ कोणाचेच चालू नाहीत, म्हणून मेकॅनिकच्या हाताला यश.

पण मग डिसेंबरपर्यंत पेटत कसा होता? आठवलं. नाताळच्या आठवड्यात सोसायटीने टाकी धुतली होती, तळाचा गाळ पाइपात उतरला असणार. मी पाण्याचा कॉक बंद केला, पान्ह्याने इनलेटचा, म्हणजे गीझरात पाणी शिरतं तिथला, नट सैल केला आणि आतली जाळी काढली. चिंचोक्याएवढी ती जाळी, तिच्यावर बारीक वाळू, गंजाचे कण आणि टेफलॉन टेपचा एक तुकडा चिकटलेला. जुन्या टूथब्रशने दोन मिनिटं घासली. नळाखाली धरली, परत बसवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला नळ सोडला. टिकटिक, भप्प. सासूबाईंना आधी बादली भरून दिली. मग गॅसचा कॉक बंद केला, सेल काढले, नवा बोर्ड उतरवला आणि ड्रॉवरमधला तो 'वीक' बोर्ड जोडला. सेल परत घातले, गॅसचा कॉक उघडला आणि नळ सोडला.

पहिल्या टिकटिकीला पेटला.