खासदार व्हायचंय? आधी 'निरंक' लिहायला शिका

भाऊ, चौकात तुमच्या वाढदिवसाचं बॅनर लागलं, म्हणजे दिल्ली अर्धी जिंकलीच. उरलेली अर्धी कलेक्टर कचेरीत जिंकायची असते, आणि तिथे 'भाऊ' हा शब्द कुठल्याच रकान्यात बसत नाही.

खान्देशात लोकसभेच्या जागा चार. नंदुरबार अनुसूचित जमातींसाठी राखीव. धुळे, जळगाव, रावेर खुल्या. मान्यताप्राप्त पक्षाने तिकीट दिलं तर अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा सूचक एकच पुरतो. नाही दिलं (देत नाहीतच), तर दहा लागतात, तेही त्याच मतदारसंघाच्या यादीतले. मरीमायच्या भंडाऱ्याला गाव जेवतं म्हणून गाफील राहू नका. आपले निम्मे भाऊबंद जिथे पोट भरतात त्या सुरतेत २०२४ ला एका उमेदवाराचे सूचकच म्हणाले, 'या सह्या आमच्या नाहीत.' अर्ज बाद. बाकीच्यांनी माघार घेतली आणि एक जण मतदान न होताच खासदार झाला. तेव्हा सूचकांना छाननी होईपर्यंत नजरेआड करू नका. शेवभाजी चालू ठेवा.

अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातींना निम्मी. काही हौशी मंडळी ती एक-एक रुपयाच्या नाण्यांत नेतात. फोटो झकास येतो. फक्त अर्ज घ्यायची वेळ ११ ते ३ असते आणि मोजणारा कारकून एकटा. मग नमुना २६, म्हणजे शपथपत्र. कर्ज नाही, गुन्हा नाही म्हणून रकाना कोरा सोडाल तर नोटीस येईल आणि छाननीपर्यंत भरला नाहीत तर अर्ज गेला. तिथे 'निरंक' लिहायचं. तुमच्या समाजकार्यासाठी मात्र फॉर्मात रकाना नाही.

खर्चाची मर्यादा ९५ लाख. चहा, मंडप, खुर्ची, सगळ्याचं जिल्ह्याचं दरपत्रक असतं. तुम्ही फुकट पाजलात तरी खर्च निरीक्षकांचे लोक छाया रजिस्टरात, म्हणजे तुमच्या हिशेबाशी ताडायच्या त्यांच्या वहीत, दराने चढवतात. पक्षाने स्वतःच्या सर्वसाधारण प्रचारावर केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही, हे वाचून उगाच चिडू नका.

आता मशीन. एका बॅलेट युनिटवर १६ बटणं, त्यातलं एक नोटाचं. पंधराच्या वर उमेदवार गेले की दुसरं युनिट जोडावं लागतं. तुमच्याच नावाचे दोन-तीन अपक्ष अचानक उगवले, तर तुमची दखल घेतली गेली असं समजा. धुळ्यात २०२४ चा निकाल ३,८३१ मतांनी लागला. तिथे तर असा एखादा नावभाऊही पुरला असता. आणि वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत, तर अनामत सरकारजमा. बारा लाख मतदान झालं तर दोन लाखांच्या वर हवीत. बॅनरवरचे शुभेच्छुक मोजून बघा.

निवडून आलातच, तर कष्ट संपले. ५४३ पैकी ५५ जण बसले की गणपूर्ती होते. ते ५५ तुम्हीच असायला हवं असं नाही. मतदानाला पक्षाचा व्हिप, म्हणजे पक्षादेश, सांगेल ते बटण दाबायचं, नाहीतर खासदारकी घालवणारी दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी, आहेच. कापसाच्या भावावर प्रश्न विचारायची उबळ आली, तर पंधरा दिवस आधी नोटीस द्या. तोंडी उत्तराच्या यादीत दिवसाला वीसच प्रश्न, तेही चिठ्ठीने. त्यातल्या पहिल्या पाच-सहांवरच तास संपतो. तुमचं उत्तर छापील येईल, 'माहिती गोळा करण्यात येत आहे'. त्याची झेरॉक्स काढा आणि चौकात बॅनर लावा: 'कापसासाठी भाऊंनी संसद हलवली!'

फोटो मोठा घ्या.